४१ बाइटची इस्टेट

कोडच्या आवृत्त्या सांभाळायला गिट वापरणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या रेपोत ब्रँचची यादी उघडावी आणि खाली खाली सरकत जावं. वरची नावं शहाण्यासारखी असतात: लॉगिन, पेमेंट, रिपोर्ट. थोडं खाली 'लॉगिन-नवीन' भेटते, मग 'लॉगिन-नवीन-फायनल', आणि तिच्या पाठोपाठ 'लॉगिन-नवीन-फायनल-हीच-घ्या'. पुढे 'टेस्ट', 'टेस्ट-२' आणि 'टेस्ट-डिलीट-करू-नये' या तिघी बहिणी. मग 'दिवाळी-ऑफर', कुठल्या सालची दिवाळी ते विचारायचं नाही. ब्रँच म्हणजे मूळ कोडला धक्का न लावता नवं काम करून बघण्यासाठी फोडलेली वाट. काम जमलं तर ते मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करायचं, नाही जमलं तर सोडून द्यायचं, आणि काहीही झालं तरी शेवटी ती ब्रँच डिलीट करायची, असा साधा रिवाज आहे. पहिल्या दोन गोष्टी लोक मन लावून करतात. तिसरी करत नाहीत. याला सगळे आळस म्हणतात, पण हा आळसावर अन्याय आहे. ब्रँच डिलीट करायला एक ओळ टाइप करावी लागते. तेवढ्याचा कंटाळा येणारा माणूस मुळात चार-चार 'लॉगिन' बनवायच्या भानगडीत पडलाच नसता. खरं कारण माणसांत आहे. पण संशयित म्हणून यंत्राचं नाव आधी घेतलं जातं, तेव्हा त्याची चौकशी आधी उरकून घेऊ.

ब्रँच फुकट मिळते, इथून सुरुवात होते. पूर्वी तसं नव्हतं. गिटच्या आधीच्या सीव्हीएसच्या काळात ब्रँच बनवायची म्हणजे प्रकल्पातल्या एकेका फाइलवर तिची खूण उमटवावी लागे. प्रकल्प मोठा असला तर तेवढ्यात चहा पिऊन येता येई. २००४ साली सबव्हर्जनची १.० आवृत्ती आली आणि ब्रँच बनवणं स्वस्त झालं, पण ती परत मर्ज करणं महागच राहिलं. कुठलं काम कुठपर्यंत मर्ज झालंय याची नोंद सबव्हर्जन स्वतःहून ठेवू लागलं ते २००८ च्या १.५ आवृत्तीपासून. तोवर ती नोंद माणसांनी ठेवायची होती, म्हणजे कोणीच ठेवायची नव्हती. साहजिकच ब्रँच बनवण्याआधी माणूस दोनदा विचार करी. मग २००५ चा एप्रिल आला. लिनक्सचं काम ज्या बिटकीपरवर चालायचं त्याचा फुकटचा परवाना काढून घेतला गेला आणि लिनस टॉरवाल्ड्सने काही दिवसांत गिट उभं केलं. गिटमधली ब्रँच म्हणजे एक चिमुकली फाइल: तिच्यात शेवटच्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, ४० अक्षरी क्रमांक आणि ओळ संपल्याची खूण, झाले ४१ बाइट. हे किती थोडं आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. यूटीएफ-८ मध्ये 'राहू दे' लिहायला १९ बाइट लागतात आणि 'नंतर बघू' लिहायला २२. बेरीज करून बघा. टॉरवाल्ड्सला मराठी येत असल्याचा पुरावा नाही, पण ब्रँच नावाच्या वस्तूचा सगळा ऐवज त्याने नेमका तेवढ्याच जागेत बसवला आहे.

डिलीट करण्याविरुद्ध पहिला आक्षेप ठरलेला असतो: उडवली आणि नंतर लागली तर? ही भीती गिटच्या कर्त्यांना आपल्या आधी वाटून गेली आहे. म्हणून डिलीटची आज्ञा दोन प्रकारची आहे, छोट्या डीची आणि मोठ्या डीची. छोटा डी दिला की गिट आधी तपासतं, या ब्रँचवरचं काम दुसरीकडे पोचलंय का. पोचलं नसेल तर साफ नकार: ब्रँच पूर्ण मर्ज झालेली नाही. आणि त्याच दमात पुढची ओळ: खात्री असेल तर मोठा डी वापरा. नियमाने होत नाही म्हणायचं आणि कसं होईल तेही त्याच खिडकीवर सांगायचं, ही पद्धत आपल्याकडे कोणाला समजावून द्यायला नको. ज्या ब्रँचवर आपण उभे आहोत ती मात्र मोठ्या डीलाही दाद देत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारे असतात हे गृहीत धरलेलं आहे. एवढं सगळं ओलांडून ब्रँच उडवलीच, तर उडवल्याचं कळवताना ती कुठल्या कमिटवर होती त्या क्रमांकाची पहिली काही अक्षरं गिट छापून देतं. तेवढ्यावर ती त्याच नावाने पुन्हा उभी करता येते. ती ओळ वाचायची राहिली तरी रेफलॉग आहे. आपल्या मशीनवर आपण कधी कुठल्या कमिटवर होतो याची रोजनिशी गिट आपल्याला न सांगता लिहीत असतं, आणि बेवारस झालेल्या कमिटच्या नोंदीसुद्धा त्यात नेमाने ३० दिवस ठेवतं, बाकीच्या ९० दिवस. गिटहबवर तर पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की ब्रँच डिलीट करायचं बटण येतं, आणि ते दाबल्यावर ती परत आणायचं बटण येतं. आपल्या आयुष्यातल्या फारच थोड्या निर्णयांना अशी सोय असते. तेव्हा यंत्र निर्दोष सुटलं असं समजायला हरकत नाही.

मग अडतं कुठे? मर्ज झालेली ब्रँच आधी घेऊ, कारण तिच्याबद्दल ठरवण्यासारखंही काही उरलेलं नसतं. काम मुख्य ब्रँचमध्ये गेलं, तिथून प्रॉडला गेलं, ग्राहकाने त्यातल्या चुकाही काढून दाखवल्या. तरी नाव यादीत आहेच. हा प्रकार ज्याने सातबारा हाताळलाय त्याला नवा नाही. शेतावर कर्ज काढलं की त्याचा बोजा उताऱ्यावर चढतो, आणि लवकर चढतो, कारण त्यात बँकेची गरज असते. कर्ज फिटल्यावर तो कमी करून घ्यायची गरज एकट्या शेतकऱ्याची, आणि तीही जमीन विकायला किंवा नवं कर्ज काढायला निघाल्यावर जाणवणारी. मधल्या काळात फिटलेलं कर्ज इतर हक्कांच्या रकान्यात सुखाने नांदतं. ब्रँचचंही तेच. ती बनवल्याशिवाय काम सुरू होत नाही म्हणून बनते, आणि ती राहिल्याने आज संध्याकाळचं काही अडत नाही म्हणून राहते. मर्ज न झालेली ब्रँच मात्र उताऱ्यावरच्या आजोबांच्या नावासारखी असते. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पण नाव कमी करायचं म्हणजे वारस कोण ते लिहून द्यायचं, आणि ते लिहायला बसलं की भावाभावांत इतकी वर्षं जे बोलायचं टाळलं ते बोलावं लागतं. त्यापेक्षा आजोबा राहू देत. शेवटी २०२५ साली मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी महसूल खात्याला राज्यभर मोहीम काढावी लागली, आणि तिला नाव दिलं 'जिवंत सातबारा'. सरकारी नावात इतका नेमका विनोद क्वचितच सापडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रँच डिलीट करणं हे झाडलोटीचं काम समजलं जातं, आणि प्रत्यक्षात ते निकाल देण्याचं काम आहे. 'नवी-डिझाइन' नावाची ब्रँच समजा यादीत पडून आहे. ती उडवायची म्हणजे नवं डिझाइन होणार नाही असं कोणीतरी तोंडाने म्हणायचं. ज्या साहेबांनी ते वार्षिक सभेत मोठ्या पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्या त्यांच्यासमोर म्हणायचं. ज्या मुलीने त्यावर चार महिने रात्री जागवल्या तिच्यासमोर म्हणायचं. ब्रँच यादीत आहे तोवर काम 'होल्डवर' असतं, 'प्रायॉरिटी जरा खाली गेलेली' असते, 'पुढच्या क्वार्टरला घेऊ' असं असतं. कंपन्यांच्या भाषेत काम बंद पडल्याचं सांगणारं क्रियापद जवळपास नाहीच. सगळी क्रियापदं पुढे ढकलणारी आहेत. ४१ बाइटची ती फाइल हा या सगळ्या क्रियापदांचा एकमेव भौतिक पुरावा असतो. कोणी विचारलंच तर सांगता येतं, अहो, ब्रँच आहे ना अजून. हा युक्तिवाद इतका सोयीचा आहे की त्यासाठी ४१ बाइट काय, ४१ जीबीही लोकांनी आनंदाने दिले असते. आणि सोय एकट्या साहेबांची नाही. ज्या मुलाने अर्ध्यावर सोडलेलं काम ब्रँचमध्ये ठेवलंय त्यालाही रोज संध्याकाळी घरी जाताना वाटत राहतं की आपण ते सोडलेलं नाही, फक्त ठेवलंय. ब्रँच उडवली की ते सोडलेलं होतं.

इथे व्यवहारी माणूस मध्येच विचारतो: असू द्या की, कोणाचं काय बिघडतंय, ४१ बाइटच तर आहेत. प्रश्न योग्य आहे, फक्त हिशेब अर्धा आहे. ४१ बाइट ही पाटीची किंमत झाली. पाटी ज्याकडे बोट दाखवते ते वेगळं. गिटचा नियम असा की कुठल्याही ब्रँचवरून जिथवर पोचता येतं तिथलं काहीही कचरा समजायचं नाही. समजा कोणीतरी 'डेमो-क्लायंट' ब्रँचवर सादरीकरणाचा अख्खा व्हिडिओ कमिट केला. डेमो झाला, क्लायंट गेला, काम दुसऱ्याला मिळालं. ब्रँच राहिली. क्लोन करताना गिट सांगितलं नाही तर सगळ्या ब्रँचचा माल उचलतं, त्यामुळे पुढे रुजू होणारा प्रत्येक नवा मुलगा पहिल्या दिवशी तो व्हिडिओ आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतो, न बघता आणि न कळता. हातचं गेलेलं कंत्राट इतक्या निष्ठेने जपणारी दुसरी यंत्रणा शोधून सापडायची नाही.

नावांचाही खर्च असतोच. गिटमध्ये ब्रँचच्या नावातली तिरकी रेघ म्हणजे पारंपरिक साठवणीत खरोखरचा फोल्डर. त्यामुळे कोणी शहाण्याने कधीकाळी नुसती 'फीचर' नावाची ब्रँच बनवून ठेवली असेल तर त्याच रेपोत 'फीचर/लॉगिन' बनवता येत नाही, कारण जिथे फोल्डर हवा तिथे त्या नावाची फाइल ठाण मांडून बसलेली असते. गिट जो संदेश देतं तो वाचून नव्या माणसाला आपलंच काही चुकलं असं वाटतं आणि तो निमूटपणे 'फीचर्स/लॉगिन' बनवतो. झाले दोन पंथ. आणखी एक: २०१८ साली गिटच्या २.१८ आवृत्तीत सर्व्हरशी बोलायची नवी रीत आली, तोवर प्रत्येक फेचच्या, म्हणजे सर्व्हरवरचं नवं काम आणण्याच्या, आरंभी सर्व्हर आपल्याकडच्या सगळ्या नावांचं पारायण करायचा, मग तुम्हाला एकच ब्रँच का हवी असेना. २०२४ च्या २.४५ मध्ये तर ही नावं साठवायची रेफटेबल नावाची वेगळी पद्धतच आणली गेली. ती आणण्यामागे इतरही कारणं होती, पण नावं लाखांत गेली तरी गाडी अडू नये हे त्यांतलं मोठं. नावं कमी करणं माणसांना जमणार नाही हे गृहीत धरून यंत्राने आपलं घर वाढवून घेतलं, असाही त्याचा अर्थ काढता येईल. पण हे सगळे खर्च मी क्रमाने दुय्यम समजतो. खरा खर्च त्या नव्या मुलाचा. त्याला सांगितलेलं असतं, लॉगिनवरचं काम पुढे ने. समोर चार 'लॉगिन' असतात, पैकी दोन स्वतःला फायनल म्हणवतात. विचारायला जावं तर ज्येष्ठ मंडळी मीटिंगमध्ये. तो तारीख बघून सगळ्यात ताजी उचलतो, आणि ती ताजी असते कारण कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी तिच्यावर फक्त एका बटणाचा रंग बदलून बघितला होता. त्याचे पुढचे दोन दिवस कुठल्याच खर्चाच्या रकान्यात येत नाहीत.

दुसरा आक्षेप जरा भारदस्त आवाजात येतो: ब्रँच डिलीट केली की इतिहास जातो. आपल्याकडे इतिहास हा शब्द निघाला की पुढचा माणूस आपोआप दोन पावलं मागे सरकतो, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. गिटमध्ये कमिट म्हणजे इतिहास आणि ब्रँच म्हणजे त्या इतिहासाच्या एका टोकाला चिकटवलेली चिठ्ठी. कुठला कमिट कुठल्या ब्रँचवर बसून लिहिला हे कमिटमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. काम साधेपणाने मर्ज झालं असेल तर त्याचे सगळे कमिट मुख्य ब्रँचमध्ये जसेच्या तसे असतात, आणि मर्ज कमिटच्या मजकुरात अमुक ब्रँच मर्ज केली हे गिट स्वतःहून लिहून ठेवतं. ज्यांना नाव हाच इतिहास वाटतो त्यांच्यासाठी वेगळं यंत्र बनलेलं आहे. बिटकीपरच्या त्याच परवान्याच्या प्रकरणातून, २००५ च्या त्याच एप्रिलमध्ये, मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल सुरू केलं. त्याच्या नामांकित ब्रँचचं नाव प्रत्येक नोंदीत कायमचं कोरलं जातं. ब्रँच बंद करता येते, पुसता येत नाही, आणि बंद करणं हाही एक कमिटच असतो. इतिहासप्रेमींना वीस वर्षं हा पर्याय खुला होता. त्यांतल्या बहुतेकांनी गिट निवडलं आणि मग गिटमध्ये मर्क्युरियलसारखे वागत बसले. तरीही सोडून दिलेलं एखादं काम खरोखर जपण्यासारखं असेल, तर त्यावर टॅग लावावा, 'संग्रह/नवी-डिझाइन' म्हणावं आणि ब्रँच उडवावी. टॅग जागचा हलत नाही, आणि कोणी तो हलेल अशी अपेक्षाही करत नाही. ब्रँच पडून असली तरी पुढे जाईन म्हणत राहते. यावर कोणी म्हणेल, मग टॅगची यादी तुंबेल. तुंबेल. पण टॅगच्या यादीत चालू काम शोधायला कोणी जात नाही, हा त्या यादीचा मोठा गुण आहे.

आता वार्षिक सफाईकडे वळू, कारण निकाल टाळून नुसती झाडलोट करायला गेलं की काय होतं ते तिथे जवळून बघायला मिळतं. हिंजवडी असो, खराडी असो की बेंगळुरू, रीत तीच. वर्षा-दोन वर्षांनी कोणा उत्साही टीम लीडला यादी दिसते आणि तो सोमवारी सर्वांना मेल टाकतो: खालील ब्रँच शुक्रवार संध्याकाळपर्यंत डिलीट करण्यात येतील, कोणास हव्या असल्यास कळवावे. सोबत एक्सेल शीट, त्यात ब्रँचचं नाव, शेवटची तारीख आणि मालक. मालकाच्या रकान्यात पहिली ठेच लागते, कारण ब्रँच कोणी बनवली याची नोंद त्या ४१ बाइटमध्ये नसते. शेवटचा कमिट कोणाचा तेवढं कळतं, आणि तो बऱ्याचदा अशा माणसाचा असतो ज्याने जाता जाता एक स्पेलिंग सुधारलं होतं. खरा मालक कंपनी सोडून गेलेला, किंवा न्यू जर्सीला ऑनसाइट, आणि तिथे रात्र. गुरुवारपर्यंत संपूर्ण शांतता. शुक्रवारी साडेपाचला पहिलं उत्तर: माझ्या दोन राहू देत प्लीज. कुठल्या दोन? बघून सांगतो. मग कोणीतरी 'रिप्लाय ऑल' करून सांगतं की क्लायंटने गेल्या महिन्यात एका जुन्या ब्रँचबद्दल विचारलं होतं, नाव आठवत नाही, तर सरसकट काही उडवू नये. सहा वाजता मॅनेजरची एक ओळ येते: होल्ड ऑन धिस. त्यातूनही उत्साह टिकलाच तर टीम लीड सावधगिरी म्हणून आधी एक 'बॅकअप-सफाईपूर्वी' ब्रँच बनवतो. सफाई रद्द होते. बॅकअप राहतो.

समजा सफाई झालीच. सर्व्हरवरून नावं गेली, पण प्रत्येकाच्या मशीनवर सर्व्हरच्या ब्रँचची जी नामावली उतरलेली असते ती आपोआप कमी होत नाही. प्रून करून, म्हणजे मेलेली नावं छाटून, फेच केल्याशिवाय गेलेली नावं तिथे हजर राहतात. प्रून केलं तरी स्वतःची स्थानिक ब्रँच राहतेच, फक्त तिच्यासमोर सर्व्हरवरची जोडीदारीण गेल्याची खूण दिसते. मग एखाद्या मंगळवारी कोणीतरी निरागस माणूस त्या स्थानिक ब्रँचवर जातो, एक ओळ बदलतो, पुश करतो, आणि उडवलेली ब्रँच सर्व्हरवर नव्या तारखेसह अवतरते. आता तर ती ताजी आहे. आता तिला कोण हात लावणार?

या सगळ्यावर स्क्रिप्ट हा उपाय सुचवणारे असतातच, आणि त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. मर्ज झाल्याक्षणी ब्रँच आपोआप उडावी अशी सेटिंग गिटहबवर असते. ती सुरू करायला कोणाची परवानगी काढत बसू नये. निकाल लागलेलाच आहे, अंमलबजावणी यंत्राने केली तर बिघडलं काय? पण मर्ज न झालेल्या ब्रँच तीन महिने हलल्या नाहीत म्हणून स्क्रिप्टने उडवायच्या, इथे माझं जमत नाही. एक तर यंत्राला मर्ज झालेलं ओळखताही येत नाही, अशी वेळ आपणच आणलेली असते. हल्ली बऱ्याच टीम स्क्वॉश करून मर्ज करतात: ब्रँचवरचे वीस कमिट ठेचून त्यांचा एक नवा कमिट बनवायचा आणि तो मुख्य ब्रँचवर ठेवायचा. मजकूर तोच, पण वंशावळीच्या दृष्टीने तो कमिट परका. गिट वंशावळ बघतं, मजकूर बघत नाही, त्यामुळे काम पोचलेलं असूनही छोटा डी म्हणतो, मर्ज झालेलं नाही. हा खोटा नकार रोज ऐकून लोकांच्या बोटांना मोठ्या डीची सवय लागते, आणि मग ज्या दिवशी नकार खरा असतो त्या दिवशीही बोटं तिकडेच जातात. दुसरं, वय हा भलताच निकष आहे. एखादी सहकारी बँक अजून आपल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ३.२ आवृत्तीवर बसलेली असते आणि तिच्यासाठी ठेवलेली ब्रँच वर्षभर हललेली नसते, कारण बँकही हललेली नसते. ती ब्रँच उडवून चालणार नाही. उलट तिला कोणी चुकून हात लावू नये म्हणून संरक्षण लावून ठेवावं. पण तिच्या शेजारी तितकीच जुनी 'दिवाळी-ऑफर' असते, आणि दोघींतला फरक तारखेत दिसत नाही, उपयोग माहीत असलेल्या माणसालाच दिसतो. स्क्रिप्टचा आग्रह धरणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच हवं असतं की तो माणूस आपण नसावा. रात्री दोन वाजता सर्व्हरने परस्पर काय ते करावं, आणि सकाळी साहेबांनी विचारलं तर स्क्रिप्टकडे बोट दाखवता यावं.

हे कोणालाच जमत नाही असं म्हणावं, तर खुद्द गिटच्या घरात ते जमलेलं आहे. गिटचा सांभाळ २००५ च्या जुलैपासून जुनियो हमानो करत आहेत. जगभरातून येणारं काम ते विषयवार ब्रँचमध्ये ठेवतात, आणि प्रत्येक ब्रँचच्या नावाची सुरुवात काम पाठवणाऱ्याच्या आद्याक्षरांनी होते, मग तिरकी रेघ, मग विषय. म्हणजे मालकाच्या रकान्याचा प्रश्न ब्रँच जन्मतानाच मिटला. कायमच्या ब्रँच बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली 'सीन' नावाची तर पुन्हा पुन्हा मोडून नव्याने बांधली जाते, तिच्यात जीव अडकवायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मला सगळ्यात आवडतं ते हमानो नियमितपणे काढत असलेलं टिपण. गिटच्या चुलीवर सध्या काय शिजतंय अशा अर्थाचं त्याचं शीर्षक आहे, आणि त्यात एकेका विषयाची अवस्था चारचौघांत मांडलेली असते: हा मुख्य ब्रँचमध्ये गेला, हा नवा आलाय, याची सुधारून नवी आवृत्ती यायची आहे, हा थांबलाय. आणि एक वर्ग असतो टाकून दिलेल्यांचा. त्यात कोणाचा अपमान नसतो, सांत्वनही नसतं; पुढच्या क्वार्टरचा उल्लेख तर नसतोच. ज्याचं काम टाकलं तो ते वाचतो, दुसऱ्या विषयाला लागतो, किंवा तेच काम नीट करून पुन्हा पाठवतो. पाठवलं तर ते नव्याने घेतलं जातं, त्याच आद्याक्षरांखाली. नावाच्या शेवटी 'फायनल' लिहायची पद्धत तिथे नाही.